काठीवर मोजलेलं गाणं

पाळलेला पक्षी म्हटलं की आपल्याला पिंजऱ्यातला राघू आठवतो. त्याच्याकडून आपण आपले शब्द वदवून घेतो. आज आपण जिथे जाणार आहोत तिथे याच्या उलट. पक्ष्याने स्वतःचंच गाणं गायचं आणि माणसाने ते नुसतं मोजायचं.

बेल्जियमच्या उत्तरेकडे, म्हणजे फ्लँडर्समध्ये, चॅफिंच नावाचा चिमणीएवढा पक्षी पाळतात. वसंतात सकाळी रस्त्याच्या कडेला लहान लाकडी पेट्या ओळीने मांडल्या जातात. दोन पेट्यांमध्ये साधारण दोन मीटर अंतर, प्रत्येकीत एक नर. समोर माणूस बसतो, त्याच्या हातात लांब काठी आणि खडू. गाण्याचा शेवट 'सुस्केविट' असा पुरता आला की काठीवर एक रेघ. तासाभरात ज्याच्या रेघा जास्त, तो जिंकला. आवाज गोड आहे का, याला गुण नाहीत! अशा स्पर्धांच्या नोंदी थेट सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सापडतात. आणि हा छंद मुख्यतः खेड्यातल्या, कष्टकरी माणसांचा. शर्यतीचा घोडा त्यांना कुठला परवडणार? चॅफिंच रानात फुकट मिळायचा.

नर गातो तो आपली हद्द राखायला. शेजारच्या पेटीतला गायला, की हा उत्तर देतो. पण आजूबाजूला हालचाल दिसली की लक्ष उडतं, गाणं थांबतं. त्यावर पूर्वीच्या लोकांनी काढलेला उपाय सांगताना आम्हालाही जड जातं. तापवलेल्या सुईने ते पक्ष्याच्या पापण्या कायमच्या मिटवून टाकत. ही माणसं दुष्ट होती, असं म्हणून मोकळं होता येत नाही. थंडीत त्याच पक्ष्याला जपणारा, दाणापाणी करणारा हात आणि सुई धरणारा हात एकच होता.

हे थांबवायला पुढे कोण आलं? पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक. युद्धाची आघाडी फ्लँडर्समधूनच गेली होती. अंधार म्हणजे काय, हे या माणसांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी मोहीम चालवली आणि १९२० मध्ये पक्ष्यांना आंधळं करण्यावर बंदी आली.

खेळ मात्र बंद पडला नाही. आज पेटीच अशी करतात की हवा आत येते, बाहेरचं फारसं दिसत नाही. पुढे १९७९ च्या युरोपीय निर्देशाने रानातले पक्षी पकडण्यावर बंधनं आणली, तेव्हा घरच्या पैदाशीवर भर द्यावा लागला. इथे वेगळीच अडचण. केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात दाखवलं होतं, की एकट्याने वाढवलेला चॅफिंच गातो, पण त्याचं गाणं साधं, अपुरं राहतं. शेवटची ती नेमकी झोकदार लकेर मोठ्यांचं ऐकूनच येते. आणि रेघ तर त्या लकेरीलाच मिळते! म्हणून आता फ्लँडर्समधल्या घरांत पिल्लांना ध्वनिमुद्रित गाणी ऐकवतात. एकच गाणं, पुन्हा पुन्हा, त्यांना ते नीट येईपर्यंत.