कनेक्टिंग रॉड : ठोका ऐकला की इंजिन थांबवा



आपल्या भागात विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या, तरी डिझेल इंजिन अजून पुष्कळांनी ठेवले आहे. ऐन एप्रिल-मेमध्ये वीज गेली की तेच उसाला तारते. अशा वेळी इंजिन ठोकायला लागलं, तर "एवढी पाळी निघू द्या, मग बघू" असे आपण म्हणतो. हे म्हणणे महागात पडते.

किर्लोस्करचे ५ हॉर्सपॉवरचे एव्ही-१ इंजिन घ्या. मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे ८ तासांत ७ लाख २० हजार फेरे. दर फेऱ्याला कनेक्टिंग रॉड एकदा वर, एकदा खाली जातो. बेअरिंग झिजून फट पडली की तेवढेच हातोडे क्रँकवर बसतात. शेवटी बोल्ट तुटतो आणि रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो. बेअरिंगवर भागणारे काम मग इंजिनावर जाते, आणि ऊस वाळतो तो वेगळाच.

ठोका ओळखावा कसा? खालून जड आवाज येतो व लोड पडला की वाढतो, तर मोठ्या टोकाचे बेअरिंग गेले समजा. वरून हलका, टणटणीत आवाज येत असेल, तर पिस्टन पिनचे बुश पाहा. इंजिन बंद करून बाजूचे झाकण काढा व रॉड हाताने हलवा. बाजूला थोडा सरकतो, ते चालते. वर-खाली हलता कामा नये.

रॉड बदलताना पुढील गोष्टी मिस्त्रीकडून करून घ्याव्यात :

१) क्रँकपिन मायक्रोमीटरने मोजावी. ती अंडाकृती झिजली असेल, तर नवा रॉडही टिकणार नाही. आधी क्रँक ग्राइंड करावा व त्या मापाचे अंडरसाइज बेअरिंग घ्यावे.

२) रॉड आणि कॅप ही जोडी असते. दोन्हींवरचे नंबर एकाच बाजूला यावेत. फट कमी करण्यासाठी कॅप कधीही घासू नये.

३) बुशचे ऑइलचे भोक रॉडच्या भोकासमोर यावे.

४) बोल्ट नवे घालावेत व पुस्तिकेप्रमाणे टॉर्क पान्यानेच आवळावेत.

जोडणी झाल्यावर फ्लायव्हील हाताने फिरवून पाहावे, मग काही वेळ लोडशिवाय चालवावे.

रॉड बहुधा काळ्या पडलेल्या ऑइलाने आणि धुळीने झिजतो. तेव्हा ऑइल वेळेवर बदला, एअर क्लीनर साफ ठेवा, आणि इंजिनाची तपासणी उन्हाळ्याची पाळी सुरू होण्यापूर्वीच उरकून घ्या, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी