इ. स. १९११ चा इंग्लंड-दौरा : ‘पी. बाळू’ हें नांव कसें वाचावें

आमच्या संग्राहक मित्रांच्या दप्तरांत महजर, यादी, वतनपत्रें यांस मानाचें स्थान असतें. क्रिकेटच्या मैदानावर किरकोळ किंमतीस विकलेलें छापील पत्रक मात्र बहुधा रद्दींत जातें. तें पत्रक हेंही समकालीन लेखी साधनच असून, जुन्या कागदास लावावयाच्या सर्व कसोट्या त्यासही लावल्या पाहिजेत, असें आमचें मत आहे. अखिल हिंदुस्थानच्या नांवानें जो पहिला संघ इ. स. १९११ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडांत खेळावयास गेला, त्याच्या पत्रकांवरून हें दाखवितां येईल.

त्यापूर्वीं १८८६ व १८८८ सालीं दोन संघ मुंबईहून इंग्लंडास गेले होते. परंतु ते केवळ पारशांचे होते. पहिल्या दौऱ्यांत अठ्ठावीस सामन्यांपैकीं एकच जिंकला गेला, दुसऱ्यांत एकतीसांपैकीं आठ. पुढें १९०३ सालीं सर्व जमातींचा मिळून संघ पाठविण्याचा बेत निघाला, तो कोणाचे किती खेळाडू घ्यावयाचे या वादांत बुडाला. १९११ सालच्या मूळ निवडींत सहा पारशी, पांच हिंदु व तीन मुसलमान असा हिशेब दिसतो. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह. ऑक्सफर्ड येथें शिकत असलेले बडोद्याचे राजपुत्र शिवाजीराव गायकवाड हेही कांहीं सामन्यांत खेळले.

महाराजांचें वय तेव्हां एकोणीस वर्षांचें. पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक त्याच जून महिन्याच्या २२ तारखेस झाला. दरबार, मेजवान्या व भेटीगांठी यांमुळें महाराज थोडेच सामने खेळले, आणि त्यांच्या तैनातींतील के. एम. मिस्त्री, जे संघांतील उत्तम फलंदाजांपैकीं एक, तेही अनेकदां त्यांच्याबरोबर मैदानाबाहेर राहिले. तरीही महाराजांचें छायाचित्र असलेला कागद संग्राहक जपून ठेवतात, आणि ज्या पत्रकावर खेळाचा हिशेब आहे तें टाकून देतात. राजमुद्रा पाहून पत्र ठेवावें आणि मजकूर फाडावा, तशांतलाच हा प्रकार आहे.

आतां नांवांकडे वळूं. कंगा, मुल्ला, वॉर्डन, बलसारा हीं पारशांचीं आडनांवें असून त्यांच्यामागें स्वतःच्या व वडिलांच्या नांवांचीं आद्याक्षरें येतात. मुंबईचे पै यांचेंही तसेंच. बंगळूरचे जयराम व मद्रासचे शेषाचारी यांचीं जीं नांवें शेवटीं छापलीं आहेत तीं आडनांवें नव्हत, तीं व्यक्तिनामें होत. दक्षिणेची रूढीच तशी आहे, म्हणून तेथें चूक नाहीं. चूक किंवा निदान घोटाळा होतो तो ‘पी. बाळू’ व ‘पी. शिवराम’ यांत. हे दोघे सख्खे बंधु, आडनांव पालवणकर. येथें आडनांवाचें आद्याक्षर पुढें जाऊन बसलें आहे, आणि घरांत हाक मारावयाचें नांव आडनांवाच्या जागीं आलें आहे. एकाच छापील यादींत नांवें लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत, आणि यादी मात्र सरळ एका साच्यांतली दिसते. ज्यास हें ठाऊक नाहीं, त्यास ‘बाळू’ व ‘शिवराम’ हे भाऊ असल्याचा सुगावा पत्रकावरून लागणार नाहीं.

आंकड्यांचेंही असेंच आहे. बाळू यांनीं या दौऱ्यांत ११४ गडी बाद केले, असें एक टिपण सांगतें. दुसरें ७५ म्हणतें. एक खरें व दुसरें खोटें असें नव्हे. दौऱ्यांत एकंदर २३ सामने झाले, त्यांतील १४ पहिल्या दर्जाचे धरले जातात. ११४ हा सर्वांचा व ७५ हा त्या चौदांचा आंकडा आहे. पहिल्याची सरासरी १८.८४, दुसऱ्याची २०.१२. म्हणजे उरलेल्या ३९ गड्यांस प्रत्येकीं सोळांहून थोड्या अधिक धांवा पडल्या, असा हिशेब निघतो. प्रतिस्पर्धी दुबळे असतां गडी स्वस्त मिळावेत हें स्वाभाविकच आहे. म्हणून तुलना करावयाची असल्यास आम्ही दुसरा आंकडा घेऊं. त्यांतही केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावांत १०३ धांवांत आठ गडी व लेस्टरशरविरुद्ध सामन्यांत अकरा गडी आहेत. लेस्टरशरचा तो सामना संघानें जिंकला. टाँटन येथें सॉमरसेटवर एक गडी राखून जय मिळाला, तेव्हां शिवराम ११३ धांवा काढून नाबाद राहिले होते. पहिल्या दर्जाचे विजय एवढे दोनच. दहा सामने गेले व दोन अनिर्णित राहिले. एकंदर २३ पैकीं सहा जिंकले, पंधरा हरले.

या पराभवांच्या यादीकडे पाहून दौरा फसला असें म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं पुण्याकडेही पाहावें. बाळू चांभार जातीचे. पूना जिमखान्यांत ते मैदानाच्या चाकरींत होते. महिना चार रुपये पगारावर गोऱ्या साहेबांना सरावासाठीं गोलंदाजी टाकावयाची, हातांत बॅट क्वचितच यावयाची. पुढें पुण्याच्या हिंदु संघानें त्यांना खेळावयास घेतलें, तेंही त्यांच्यावांचून युरोपियनांशीं टिकाव लागणें कठीण म्हणून. पण चहा मिळे तो मंडपाबाहेर आणि वेगळ्या भांड्यांत. हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस कधींच रीतसर लाभलें नाहीं. धाकटे बंधु विठ्ठल यांस तें १९२३ सालीं मिळालें. या पार्श्वभूमीवर इंग्लंडांतील पत्रक वाचावें. त्यांत जातीचा रकाना नाहीं. षट्कें, निर्धाव षट्कें, धांवा, गडी, एवढेच रकाने. आणि त्यांत बाळूंचें नांव महाराज, राजपुत्र व डॉक्टर यांच्याच ओळींत. तेथें त्यांना कोणी खालीं लिहूं शकलें नाहीं, कारण गडी मोजूनच लिहावे लागत.

अशीं पत्रकें हातीं येतील त्यांनीं दोन गोष्टी सांभाळाव्यात. एकाच सामन्याचें पत्रक खेळ चालू असतां पुन्हां पुन्हां छापलें जाई. सबब पहिल्या दिवशींची अपुरी प्रत व अखेरची पुरी प्रत या दोहोंस एकच समजून एक टाकून देऊं नये. रिकाम्या जागीं प्रेक्षकानें शिसपेन्सिलीनें भरलेले आंकडे पुसूं नयेत. छापील आंकड्याशीं ते जुळत नसल्यास दोन्ही नोंदवावेत. आणि सूचींत नोंद करतांना मुख्य नोंद ‘पालवणकर, बाळू’ अशी करून ‘बाळू, पी.’ या जागीं तिचा निर्देश द्यावा. शिवराम व विठ्ठल यांचेंही तसेंच करावें, म्हणजे तिघे भाऊ एका पानावर येतील.