माणसागणिक १२० लिटर

पहाटे ५.४५. या वेळेला मिरज स्टेशनाबाहेरच्या रिक्षांत निम्मे पेशंटच असतात. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं इस्पितळ उभं केलं, तेव्हापासून जत, कवठे महांकाळ, अथणी, चिकोडीकडची माणसं दुखणं घेऊन मिरजेचीच वाट धरतात. मी डायलिसिसचा टेक्निशियन. आज सोबत कऱ्हाडची एक पोरगी आहे. नीटचे मार्क एमबीबीएसला पुरले नाहीत, म्हणून बीएस्सीला बसलीय. रात्री सांगलीत मावशीकडं उतरली होती. दुसरं काय करता येतं ते बघायचंय म्हणाली.

६.०० आधी पाणी शुद्ध करणारा आरओ प्लँट, पेशंट नंतर. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. निळं झालं तर ठीक. लालसर राहिलं तर पाण्यात क्षार आहेत, मशीन सुरू करायचं नाही. असं पाणी मशीनला गेलं तर पेशंटला उलट्या होतात, बीपी चढतं. क्लोरीन वेगळं तपासायचं, कारण क्लोरामाइननं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मशीनमधून मिनिटाला ५०० मिलिलिटर द्रव जातो. चार तासांचे किती, ते तिला वहीवर मांडायला लावलं. १२० लिटर, एका माणसाला, एका बैठकीला! कृष्णाकाठी उसाला पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झालेल्या, त्यामुळं पाण्यातल्या मिठाची भाषा या भागात नव्यानं शिकवावी लागत नाही.

६.३० प्रायमिंग. नळ्या आणि रक्त गाळणारा डायलायझर सलाइननं भरायचे. हवेचा बुडबुडा राहता कामा नये. टिचक्या मारत बसायचं.

७.०० वजनकाटा. ही माझ्या मते दिवसातली सगळ्यात महत्त्वाची जागा. अथणीच्या अण्णांचं ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, ५२ किलो. काटा दाखवतो ५५.५. साडेतीन किलो पाणी, तेही दोन दिवसांत.

"अण्णा, काय झालं?"

"मदवी होती." लग्न. म्हणजे ताक.

"नीर कम्मी कुडीरी," मी म्हणतो. एवढं कानडी या खात्यात लागतंच. अण्णा मान हलवतात. गुरुवारी पुन्हा तेच होणार, हे दोघांनाही ठाऊक असतं.

७.२० फिस्टुला. मनगटाजवळ धमनी आणि शीर ऑपरेशननं जोडलेली असते. तिथं बोटं ठेवली की आत घरघर लागते. घरघर नसेल तर सुई नाही, थेट डॉक्टरांना फोन. पोरीचं बोट धरून तिथं ठेवलं. ती दचकली आणि दुसऱ्या पेशंटचा हातही स्वतःहून बघितला. तेव्हा मला वाटलं, हिला जमेल. सोळा नंबरच्या दोन सुया, एक रक्त आणणारी, एक परत देणारी. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन सोडायचं आणि रक्ताचा पंप मिनिटाला २५० मिलिलिटरवर.

९.१० इथून पुढं बसून राहण्याचं काम, असं बाहेरच्यांना वाटतं. डॉक्टरांचा राउंड होतो आणि ते पुढच्या वॉर्डला जातात. चार तास पेशंटच्या तोंडाकडं बघणारे आम्हीच. जांभया यायला लागल्या, कपाळाला घाम आला की बीपी मोजायच्या आधीच कळतं. आज अण्णांच्या पोटऱ्यांत गोळे आले. पाणी ओढणं कमी केलं, डोकं खाली, पाय वर, थोडं सलाइन. दहा मिनिटांत अण्णा चहा मागायला लागले.

१०.०० भेटायला आलेले पाहुणे. आपल्याकडं आजाऱ्याला शहाळं नेण्याची रीत आहे आणि या पेशंटला शहाळंच घातक, कारण पोटॅशियम. रक्तात ते वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. दारातच अडवून ते परत द्यावं लागतं, आणि लोकांना राग येतो. हे कुठल्या अभ्यासक्रमात नाही.

१०.३० कागद. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून बहुतेकांचं डायलिसिस होतं. रेशनकार्ड, आधार बघून नोंदी करायच्या. कंटाळवाणं, पण चुकलं तर पेशंटच्या खिशाला बसतं.

११.३० सुया काढायच्या, बोटानं दाबून धरायचं, पुन्हा काटा. अण्णा ५२.४. मशीन निर्जंतुक करायचं आणि दुसरी बॅच घ्यायची.

१.१५ डबा. पोरीला वाट सांगितली: बारावीला जीवशास्त्र हवं, ते तिच्याकडं आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल पदवीचा अभ्यासक्रम आहे, घराजवळ कऱ्हाडला कृष्णा विश्व विद्यापीठातही सहायक वैद्यकीय शाखा आहेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात आमच्या कामाला व्यवसाय म्हणून जागा मिळाली. पगाराचंही लपवलं नाही. सुरुवातीला थोडका, आणि बऱ्याच जागा कंत्राटी. हेच नको असेल तर बायपासच्या वेळी हृदय-फुफ्फुसाचं मशीन चालवणारा पर्फ्युजनिस्ट आहे, बहिऱ्या बाळांची तपासणी करणारे ऑडिओलॉजिस्ट आहेत. गावात कुणी नावं घेत नाही एवढंच. शेजाऱ्यांना डॉक्टर आणि नर्स यांच्या मधलं काही दिसत नाही, त्याला आपला इलाज नाही.

२.०० पाळी बदल. पुढच्याला सांगायचं: अण्णांना गोळे आले होते, ड्राय वेट तपासायला डॉक्टरांना विचार, आरओचा फिल्टर आज बदलायचाच.

जाता जाता पोरगी म्हणाली, "दादा, बायका रात्रीच्या कामाला असतात का हो?"

असतात. आमच्याकडची शेवटची बॅच एक ताईच सांभाळतात, आणि मध्यरात्री इमर्जन्सी आली तर फोनही आधी त्यांनाच जातो.