वळणाचा हिशेब

ज्वारीच्या शेतात मचाणावर उभे राहून ज्याने कधी गोफण फिरवली असेल, त्याला हा विषय निम्मा आधीच ठाऊक आहे. दगड गरगर फिरतो तो केवळ दोरीच्या ओढीने. दोरी सुटली की तो वर्तुळात राहत नाही. त्या क्षणी ज्या दिशेला चालला असेल तिकडे सरळ निघून जातो. सेनगावहून हिंगोलीकडे निघालेली मोटार वळणावर येते तेव्हा तीही गोफणीतला दगडच असते. फरक इतकाच, की तिला धरून ठेवणारी दोरी डोळ्यांना दिसत नाही. ही दोरी कोठे असते आणि ती कोण वळतो, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

या दोरीला दोन पेड आहेत. पहिला पेड घर्षणाचा, म्हणजे चाक आणि डांबर यांच्या पकडीचा. दुसरा उताराचा. वळणावर रस्त्याची बाहेरची कड मुद्दाम उचललेली असते, त्यामुळे गाडीचे वजनच तिला थोडेसे आत ओढते. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये मोटारसायकलवाला भिंतीवर चढतो, त्यातले तत्त्व हेच.

आपल्या देशात वळणांची कोष्टके इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था देते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्तेविकास समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींतून १९३४ साली ही संस्था जन्मास आली. तिच्या नियमाप्रमाणे घर्षणाचा पेड वजनाच्या शंभरात १५ भाग धरायचा आणि सपाट मुलखात उताराचा ७ भागांहून अधिक ठेवायचा नाही. सात मीटर रुंदीच्या रस्त्यावर ही उचल जवळजवळ अर्धा मीटर होते. याहून अधिक का नको? कारण त्याच रस्त्यावरून कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉलीही सावकाश जाते, आणि फार कललेल्या रस्त्यावर ती आतल्या बाजूस कलंडेल. तेव्हा दोन्ही पेड मिळून दोरीचे बळ २२. हिशेबात धरावयाची पुंजी एवढीच.

आता दोरीवरचा ताण पाहू. ताशी किलोमीटरमधील वेगाचा वर्ग करावा आणि वळणाच्या त्रिज्येच्या १२७ पटीने त्यास भागावे. वजनाच्या मानाने किती ओढ लागेल ते कळते. या हिशेबाने ताशी ५० च्या वेगाला सुमारे ९० मीटर त्रिज्या पुरते, ८० ला २३० लागते आणि १०० ला ३६०. वेग दुप्पट केला की ताण चौपट होतो, ही येथली खरी गोम आहे. ९० मीटरच्या वळणावर कोणी ८० ने शिरला, तर २२ च्या दोरीवर ५६ चा ओढा पडतो. कोरड्या डांबराची पकड हिशेबात धरल्यापेक्षा पुष्कळ अधिक असते, म्हणून अशा गाड्याही बहुधा निभावून जातात. आणि निभावल्या म्हणूनच धीट होतात. मग मृगाचा पाऊस पडतो, शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते, आणि कालपर्यंत पावलेले वळण आज दगा देते.

आपल्या भागातले अनेक रस्ते पूर्वी गाडीवाटा होते. ते बांधाच्या कडेने वळले, नाल्याचा उतार शोधत गेले. बैलाच्या चालीला ते वळण शोभून दिसे. पुढे खडी आली, डांबर आले, रुंदीही वाढली. वळण मात्र तसेच राहिले. गुळगुळीत रस्ता गाडीवानाला ८० चे आमंत्रण देतो आणि वळण ४० ची अट घालते. आमच्या मते वाईट रस्त्यापेक्षा हा अर्धवट सुधारलेला रस्ता अधिक घातक आहे.

हे केवळ खेड्यातच घडते असे नाही. पुणे-सातारा महामार्गावर खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे येताना उतारावर ‘एस’ अक्षरासारखे दुहेरी वळण लागते. अशा ठिकाणी रस्त्याचा कल एका बाजूकडून दुसरीकडे फिरवावा लागतो, आणि तो हळूहळू फिरण्यास दोन वळणांमध्ये पुरेशी लांबी हवी. १० एप्रिल २०१८ रोजी पहाटे तेथे मजुरांना घेऊन जाणारे वाहन उलटून किमान १७ जण मृत्युमुखी पडले. एका अपघाताचा सारा दोष वळणाच्या माथी मारणे योग्य नव्हे. पण ते वळण टाळणारे नवे जुळे बोगदे हाती घ्यावे लागले, यातच काय ते आले.

दोरीइतकीच दृष्टीही हवी. ताशी ८० ने जाणाऱ्याला गाडी थांबवण्यासाठी पुढचा १२० मीटर रस्ता दिसला पाहिजे. वळणाच्या आतल्या अंगाला पुरुषभर तूर उभी असली की तो दिसत नाही. तूर काढली की तेच वळण निर्धोक वाटते. म्हणून एकाच वळणाची परीक्षा आश्विनात एक आणि फाल्गुनात दुसरी.

उपाय आहे, पण फुकटचा नाही. काटकोनी वळणाची त्रिज्या ९० ची २३० करायची, तर रस्ता कोपऱ्यापासून २३० मीटर आधीच वळू लागतो आणि मधले शेत तिरपे कापले जाते. ज्याचे शेत जाते त्याचे दुःख खोटे नाही. त्याला रास्त मोबदला वेळेवर मिळालाच पाहिजे. जमीन घ्यायची नसेल, तर वेग खरोखर उतरवला पाहिजे. फलक वळणाच्या पुरेसा अलीकडे हवा, बाहेरची उचल नव्या डांबराच्या थराखाली हरवता कामा नये, आणि आतली झुडपे कापलेली हवीत. जमीनही नको आणि वेगही हवा, असा तिसरा मार्ग गणितात नाही.

म्हणून गावात नवा रस्ता येईल तेव्हा तो किती रुंद होणार, एवढेच विचारून आपण थांबू नये. वळणाची त्रिज्या किती आणि ती कोणत्या वेगासाठी धरली, हेही विचारावे. दोरी अभियंता वळतो हे खरे. पण गोफणीत बसतात ती आपलीच मुले.