विश्लेषण : डाँकी काँग नेमका कोण? खलनायकाचा नायक कसा झाला?

लाल टाय घातलेला, छाती बडवणारा आणि केळ्यांवर जीव टाकणारा गोरिला म्हणजे डाँकी काँग. आजची मुले त्याला मारिओच्या शर्यतीतला खेळाडू किंवा सिनेमातला विनोदी पहिलवान म्हणून ओळखतात. १९८१ मध्ये तो पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा मात्र तो एका तरुणीला पळवून नेणारा खलनायक होता. पुढे तो कैदी झाला, आजोबा झाला, नातू झाला आणि शेवटी नायक झाला. त्याच्या नावावरून अमेरिकेत खटलाही चालला. चार दशकांहून अधिक काळ नाव तेच राहिले, पण त्या नावामागचा प्राणी सतत बदलत गेला. हे बदल का झाले आणि ते कोणी ठरवले?

मराठवाड्यात तो कसा पोहोचला?

पूर्णा, परभणी, नांदेड या पट्ट्यात नव्वदच्या दशकात वाढलेल्या अनेकांना डाँकी काँग भेटला तो टीव्हीला जोडायच्या स्वस्त व्हिडिओ गेममधून. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या या नकला होत्या. त्यात घालायच्या डबीला सगळे ‘कॅसेट’च म्हणत. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ नाव आणि पातळी बदलून पुन:पुन्हा येत. मारिओ आणि काँट्राच्या शेजारी अनेकदा डाँकी काँगही असे.

या कॅसेटसोबत माहितीपुस्तिका नसे. हा प्राणी कोण, त्याने मुलीला का पळवले, तो टोपीवाला कोण, हे सांगणारे काहीच हाती नसे. ज्या कॅसेटमध्ये ‘डाँकी काँग ज्युनिअर’ हा दुसरा भाग होता, तिथे तर चित्र उलटेच दिसे : मारिओ हातात चाबूक घेऊन उभा आणि गोरिला पिंजऱ्यात. त्यामुळे या पात्राबद्दल ज्याची त्याची समजूत वेगळी झाली. गंमत म्हणजे ती कोणाचीच पूर्ण चुकीची नव्हती.

जन्म कसा झाला?

निन्टेन्डोची स्थापना १८८९ मध्ये क्योटो शहरात झाली, ती हानाफुदा नावाचे पत्ते बनवण्यासाठी. आपल्याकडे सावंतवाडीला गंजिफा, तसे जपानमध्ये हानाफुदा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कंपनी खेळणी आणि मग व्हिडिओ गेमकडे वळली.

१९८०-८१ च्या सुमारास कंपनीच्या अमेरिकी शाखेने ‘रडार स्कोप’ या खेळाची सुमारे तीन हजार यंत्रे मागवली. त्यातली दोन हजारांच्या आसपास पडून राहिली. तो माल टाकून देण्याऐवजी त्याच यंत्रांत नवा खेळ बसवावा, असे ठरले. हे काम शिगेरू मियामोतो या तरुण कलाकाराकडे आले. अनुभवी तंत्रज्ञ गुनपेई योकोई त्यांच्यावर देखरेख करत होते.

मियामोतो यांना आधी ‘पॉपाय’ या कार्टूनवर खेळ करायचा होता. त्याचे हक्क तेव्हा मिळाले नाहीत. मग पॉपायच्या जागी टोपीवाला सुतार आला, त्याच्या प्रेयसीच्या जागी दुसरी तरुणी आली आणि धिप्पाड ब्लूटोच्या जागी गोरिला आला. म्हणजे डाँकी काँगचा पहिला अवतारच दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर उभा राहिला. त्या सुताराला आधी ‘जंपमॅन’ म्हणत. नंतर अमेरिकेतील कंपनीच्या गोदामाचे मालक मारिओ सेगाली यांच्यावरून त्याचे नाव मारिओ पडले.

नावात गाढव का?

इंग्रजी बोलणाऱ्यांना हे नाव सुरुवातीला विचित्र वाटले. गोरिल्याला गाढव कोण म्हणेल? मियामोतो यांना मात्र ‘हट्टी, अडेल माकड’ असा अर्थ हवा होता आणि ‘डाँकी’ शब्दातून तो निघेल असे त्यांना वाटले. ‘काँग’ हा शब्द जपानमध्ये कोणत्याही मोठ्या वानरासाठी सर्रास वापरला जाई. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. अडून बसलेल्याला किंवा अक्कल न चालवणाऱ्याला ‘गाढवा’ म्हणताना आपण चार पायांच्या प्राण्याबद्दल बोलत नसतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. आपण तांबड्या तोंडाच्याला माकड आणि काळ्या तोंडाच्याला वानर म्हणतो. दोघांनाही शेपूट असते. गोरिल्याला शेपूट नसते. डाँकी काँगलाही नाही. त्याचा छोटा जोडीदार डिडी काँग याला मात्र शेपूट आहे. त्यामुळे दोघांचे आडनाव ‘काँग’ असले तरी जात एक नाही.

खलनायकाबद्दल सहानुभूती कधी सुरू झाली?

अगदी दुसऱ्याच वर्षी. पहिल्या खेळात गोरिला बांधकामाच्या लोखंडी सांगाड्यावर चढतो आणि वरून पिंपे सोडतो. खेळणाऱ्याने उड्या मारत वर पोहोचून तरुणीला सोडवायचे. हा खेळ इतका चालला, की अमेरिकेत त्याची सुमारे ६० हजार यंत्रे विकली गेली.

१९८२ च्या ‘डाँकी काँग ज्युनिअर’मध्ये मियामोतो यांनी बाजू पालटली. मारिओने गोरिल्याला कैद केले आहे आणि त्याचा लहान मुलगा बापाला सोडवायला वेलींवरून चढतो आहे. १९८३ च्या तिसऱ्या भागात मारिओच नव्हता. फवारणी करणारा स्टॅनली डाँकी काँगला हरितगृहातून हाकलत होता. पहिल्या तीन खेळांतच हे पात्र अपहरणकर्ता, बाप आणि उपद्रवी प्राणी असे तीन रूपांत दिसले.

१५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम बाजारात आला, तेव्हा त्यासोबत तीन खेळ होते : डाँकी काँग, डाँकी काँग ज्युनिअर आणि पॉपाय. ज्याचे हक्क न मिळाल्याने गोरिला जन्मला, तो पॉपायही एव्हाना निन्टेन्डोकडे आला होता.

न्यायालयात काय घडले?

१९८२ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओने निन्टेन्डोवर खटला भरला. किंग काँग आमचा, तेव्हा डाँकी काँग ही त्याची नक्कल, असा दावा होता. हा खेळ घरगुती यंत्रावर आणणाऱ्या कोलेको कंपनीने धमकीला घाबरून युनिव्हर्सलला मानधन द्यायचे कबूल केले. निन्टेन्डो अडून बसली.

निन्टेन्डोचे वकील जॉन कर्बी यांनी एक जुनी गोष्ट पुढे आणली. १९७५ मध्ये, किंग काँगवर नवा सिनेमा करण्यासाठी, युनिव्हर्सलनेच न्यायालयात सांगितले होते की किंग काँगची कथा आता सार्वजनिक मालकीची आहे. जी वस्तू सर्वांची आहे असे स्वतःच सांगितले, तिच्यावर आता हक्क कसा? न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी निन्टेन्डोच्या बाजूने निकाल दिला आणि १९८४ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. एक उग्र आणि शोकांत, दुसरा विनोदी. लोक दोघांत गल्लत करणार नाहीत, असे न्यायालयाचे मत पडले.

या निकालाने दोन गोष्टी साधल्या. छोट्या कंपनीचे सर्वांत मोठे उत्पन्न वाचले. आणि डाँकी काँग हा किंग काँग नाही, हे कायद्याच्या भाषेत पहिल्यांदा ठरले. तो कोण आहे, हे मात्र अजून ठरायचे होते.

टाय आणि केळी कधी आली?

१९९४ मध्ये. मधली दहा वर्षे मारिओ मोठा होत गेला आणि गोरिला मागे पडला. मग निन्टेन्डोने हे पात्र इंग्लंडमधील ट्वायक्रॉस या खेड्यातील ‘रेअर’ या कंपनीकडे सोपवले. रेअरकडे सिलिकॉन ग्राफिक्सची महागडी संगणकयंत्रे होती. त्यांवर त्रिमितीय चित्रे आधी तयार करून ती साध्या यंत्रावर दाखवण्याची युक्ती त्यांनी वापरली. नोव्हेंबर १९९४ मध्ये आलेल्या ‘डाँकी काँग कंट्री’च्या ९० लाखांहून अधिक प्रती खपल्या.

गोरिला चालतो कसा, हे पाहण्यासाठी रेअरचे कलाकार जवळच्या प्राणिसंग्रहालयात गेले. पण खऱ्या गोरिल्याची चाल खेळाच्या वेगाला जमेना. शेवटी धावण्यासाठी घोड्याची दौड आधार म्हणून घेतली. नावात गाढव, अंगाने गोरिला आणि दौड घोड्याची, असा हा नायक तयार झाला. त्याला घर मिळाले, मगरींसारखे शत्रू मिळाले आणि केळ्यांचा साठा मिळाला. तो चोरीला जातो, म्हणून तो मोहिमेवर निघतो. त्याच वर्षी गेमबॉयवर आलेल्या खेळातही त्याच्या गळ्यात टाय दिसला.

आजचा डाँकी काँग मूळचा की त्याचा नातू?

रेअरने या खेळात क्रँकी काँग हा पांढऱ्या दाढीचा, सतत कुरकुरणारा म्हातारा आणला. १९८१ चा मूळ डाँकी काँग तो मीच, असे तो सांगतो आणि आजच्या खेळांना नावे ठेवतो. म्हणजे टायवाला गोरिला हा पुढच्या पिढीतला. पण नेमका कोण? काही ठिकाणी तो नातू आहे, काही ठिकाणी मुलगा. २०२३ च्या ‘द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही’मध्ये क्रँकी सरळ त्याचा बाप आहे.

जुलै २०२५ मध्ये आलेल्या ‘डाँकी काँग बनांझा’ने हा गुंता वाढवला. १९८१ मध्ये पळवली गेलेली तरुणी म्हणजेच पुढची पॉलिन. २०१७ च्या एका खेळात ती शहराची महापौर होती. बनांझामध्ये मात्र ती १३ वर्षांची मुलगी आहे आणि डाँकी काँगच्या खांद्यावर बसून त्याला साथ देते. ज्याने पळवले त्याच नावाचा गोरिला आता तिचा सांगाती आहे. हिशोब जुळवणारे चाहते यावर वाद घालतात. निन्टेन्डो सहसा असे हिशोब जुळवत बसत नाही.

चेहरा पुन्हा का बदलला?

२००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेअर कंपनी ३७.५ कोटी डॉलरला विकत घेतली. डाँकी काँग मात्र निन्टेन्डोकडेच राहिला. ज्यांनी त्याला नवे रूप दिले ते एका घरी, पात्र दुसऱ्या घरी. त्यानंतर त्याने ढोल वाजवण्याचे खेळ केले, मारिओशी जुने वैर पुन्हा मांडले आणि २०१० मध्ये अमेरिकेतील रेट्रो स्टुडिओजच्या हातून पुन्हा जंगलात परतला.

२०२३ च्या सिनेमात त्याचा चेहरा १९८१ च्या चित्रांकडे झुकला : डोळे मोठे, हावभाव जास्त, दरारा कमी. २०२५ मधील खेळांनी तीच वाट धरली. रेअरचे रूप पाहत वाढलेल्यांना हा चेहरा परका वाटला; नव्या मुलांना तोच खरा वाटतो.

श्रेय कोणाला?

पात्राच्या बदलत्या ओळखीत खरी किंमत इथे मोजली जाते. पहिल्या खेळाचे प्रोग्रॅमिंग इकेगामी त्सुशिन्की या बाहेरच्या कंपनीने केले होते. पुढे मालकीवरून ती आणि निन्टेन्डो न्यायालयात गेल्या आणि १९९० मध्ये तडजोड झाली. मूळ यंत्रावरचा खेळ २०१८ पर्यंत घरगुती यंत्रांवर जसाच्या तसा स्वतंत्रपणे आलाच नाही.

१९९९ च्या खेळातले ‘डीके रॅप’ हे गाणे ग्रँट कर्कहोप यांनी रचले. २०२३ च्या सिनेमात ते वाजले, पण श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते. त्यांनी याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. डाँकी काँगला हसवणारा, नाचवणारा, पळवणारा माणूस वेगवेगळा होता. कागदावर मालक मात्र एकच राहिला.

आणखी एक योगायोग. हा सिनेमा वितरित केला तो युनिव्हर्सलने. डिसेंबर २०२४ मध्ये ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओज जपानमध्ये डाँकी काँगचा विभागही सुरू झाला. ज्या नावावर १९८२ मध्ये दावा ठोकला, त्याच नावाची तिकिटे आज तिथे विकली जातात.

यातून काय दिसते?

पूर्णा जंक्शनवर मीटरगेजचे रूळ जाऊन ब्रॉडगेज आले, इंजिने आणि डबे बदलले. पाटीवरचे नाव तेच राहिले आणि लोक त्याला पूर्णाच म्हणतात. डाँकी काँगचेही तसेच आहे. त्याची ओळख कोणा एका लेखकाने एकदाच बसून लिहिली नाही. पडून राहिलेल्या यंत्रांनी, न मिळालेल्या हक्कांनी, न्यायालयाने, इंग्लंडमधल्या कलाकारांनी आणि सिनेमावाल्यांनी ती थोडी थोडी घडवली.

म्हणून ‘खरा’ डाँकी काँग कोणता, याचे उत्तर खेळणाऱ्याच्या वयावर ठरते. नव्वदच्या दशकातल्या कॅसेटवाल्या पिढीला तो पिंपे फेकणारा राक्षस आहे. तिच्या मुलांना तो एका लहान मुलीला खांद्यावर घेऊन दगड फोडत निघालेला मित्र आहे. दोघेही एकाच नावाने हाक मारतात, आणि दोघांच्याही हाकेला ओ देणारा गोरिला वेगळा असतो.