गांजाचे व्यसन रक्तात असते काय?

‘बाप गांजा ओढत होता, पोरगाही त्याच वाटेने जाणार’ हे वाक्य आपल्या वस्त्यांमधून सहज उच्चारले जाते. ते शास्त्राच्या कसोटीवर कितपत उतरते, हे पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण त्याचे ओझे अखेर मुलालाच वाहावे लागते.

गांजा या भागाला नवा नाही. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतात, खांडव्याकडे, इंग्रजांच्या काळी परवान्याने गांजा पिकविला जाई. १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी आली. भांगेची पाने मात्र त्यातून सुटली. दिल्लीच्या एम्सने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग, गांजा वा चरस यांचे सेवन करतात. त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना उपचारांची वा मदतीची गरज आहे. म्हणजे सेवन करणारा प्रत्येक जण व्यसनाधीन होत नाही. मग कोण होतो?

याचे उत्तर शोधण्यासाठी संशोधकांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास केला. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत जुळतात, इतर जुळ्यांची सख्ख्या भावंडांइतकीच. घर मात्र दोघांनाही एकच लाभते. एकाला व्यसन जडले तर दुसऱ्यालाही जडण्याचे प्रमाण एकसारख्या जुळ्यांत अधिक आढळते. अशा अनेक अभ्यासांच्या २०१० मधील एकत्रित विश्लेषणात आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याहून थोडा अधिक निघाला. हा आकडा समूहातील माणसामाणसांमधल्या फरकांविषयी आहे. ‘या मुलाला व्यसन लागण्याची शक्यता निम्मी’ असा त्याचा अर्थ काढणे सर्वस्वी चूक होय.

शिवाय ‘गांजाचे जनुक’ असे एकच काही नाही. डेन्मार्कमधील संशोधकांना २०१९ मध्ये सीएचआरएनए-२ या जनुकाचा, तर पुढील वर्षीच्या मोठ्या अभ्यासात फॉक्सपी-२ चाही संबंध दिसला. प्रत्येकाचा परिणाम अगदी अल्प. असंख्य लहान परिणाम मिळून कल बनतो. त्यांतील कित्येक तंबाखूचे व्यसन, नैराश्य व अतिचंचलता यांच्याशीही निगडित आहेत. त्यातही हे नमुने बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचे. आपल्या मुलांचे रक्त तपासून व्यसनाचे भाकीत करतो असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

जन्मावरून माणसाचे भवितव्य ठरविणारी व्यवस्था ज्या समाजाने १९५६ मध्ये याच नगरीत नाकारली, त्याने ‘नशेडीचे पोर’ हा शिक्का मारावा, हे खेदजनक आहे.

कौटुंबिक इतिहास लपवूही नये. मधुमेहाचा सांगतो तसाच तो डॉक्टरांना सांगावा. अशा घरातील मुलाने पहिला झुरका जितका टाळला वा लांबविला तितका धोका घटतो. किशोरवयात मेंदूची घडण चालू असते आणि ती पंचविशीच्या आसपास पूर्ण होते. मूल अभ्यासातून मन काढून घेऊ लागले, जुने मित्र तुटू लागले, पैशांचा हिशेब लागेनासा झाला, तर मारझोड न करता बोलते करावे. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती मदतवाहिनी निःशुल्क आहे; तिच्यावर पालकही बोलू शकतात.