जाताना साडेपाच, येताना साडेचार!

दोस्तांनो, एक कोडं घालते हं! एका विमानाला जायला साधारण साडेपाच तास लागतात. परत यायला मात्र जेमतेम साडेचार! अंतर तेच, विमानही तेच. मग एक तास गेला कुठे?

थांबा, आधी हे विमान जातं कुठे ते ऐका. ते निघतं दक्षिण अमेरिकेतून, चिली देशाच्या राजधानीतून. तिचं नाव सांतियागो. आणि उतरतं ईस्टर बेटावर. बेटावरचे लोक त्याला म्हणतात रापा नुई. हो, तेच! दगडी पुतळ्यांचं बेट! लांबच लांब नाक, घट्ट मिटलेले ओठ. या पुतळ्यांना मोआय म्हणतात. किती असतील? जवळजवळ नऊशे!

बेट तसं चिमुकलं, आपल्या मुंबईच्या साधारण पावपट. पण सांतियागोपासून लांब किती, माहीत आहे? सुमारे ३,७५० किलोमीटर! भारताची दक्षिणोत्तर लांबी भूगोलात शिकलात ना? ३,२१४ किलोमीटर. म्हणजे अख्खा भारत ओलांडला तरी बेट यायचंच असतं! खिडकीतून बघावं तर खाली पाणी, पाणी आणि पाणी!

१९५१ साली चिलीचे वैमानिक रोबेर्तो पारागे विमान घेऊन पहिल्यांदा तिथे पोचले. त्यांना किती वेळ लागला असेल? एकोणीस तासांहून जास्त!

आता आपलं कोडं. वाऱ्याच्या उलट्या दिशेने सायकल चालवलीय कधी? पाय नुसते भरून येतात. आणि तोच वारा पाठीशी आला की? पायडल न मारताही सुसाट! विमानाचंही अगदी तसंच होतं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर इथे बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. कधी कधी तर ताशी दीडशे किलोमीटरच्याही वर! बेट आहे पश्चिमेला. म्हणून जाताना वारा समोरून, येताना पाठीमागून. तो एक तास खाल्ला वाऱ्याने!

पण खरी गंमत तर पुढेच आहे. बेटावरचं घड्याळ सांतियागोच्या दोन तास मागे असतं. समजा, तुम्ही सांतियागोहून सकाळी ९ वाजता निघालात. साडेपाच तास उडालात. उतरल्यावर बेटावरच्या घड्याळात किती वाजले? दुपारचे साडेबाराच! घड्याळ म्हणतं, साडेतीन तास झाले. आता दुपारी अडीचला परत निघा. प्रवास साडेचार तासांचाच, पण सांतियागोत उतरता तेव्हा वाजलेले असतात रात्रीचे ९! घड्याळाच्या मते साडेसहा तास! लांबलेला प्रवास घड्याळात छोटा आणि झटपट झालेला प्रवास लांबलचक. आहे की नाही फजिती?

आणि एवढ्याशा बेटावरची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे! ती कुणामुळे लांबवली, ओळखा पाहू. नासामुळे! अंतराळयानाला अडचणीच्या वेळी उतरता यावं, म्हणून १९८० च्या दशकात ती वाढवली. यान मात्र तिथे एकदाही उतरलं नाही.

तुमच्या शाळेत पृथ्वीगोल असेलच. २७ अंश दक्षिण, १०९ अंश पश्चिम. शोधा पाहू तो ठिपका! आणि तिथे नुसताच निळा रंग दिसला, तर तुमच्या पृथ्वीगोलावर ईस्टर बेट छापायचंच राहून गेलंय. पेनाने एक ठिपका तुम्हीच काढा. बाईंना विचारून हं!